टोनी क्रूस माद्रिदमध्येच का बहरला?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. जर्मनीत वाढलेल्या फुटबॉलपटू टोनी क्रूसला मायदेशापेक्षा माद्रिदमध्ये, म्हणजे स्पेनच्या रेयाल माद्रिद क्लबमध्ये, अधिक मान का मिळाला. २०१४ मध्ये बायर्न म्युनिक या जर्मन क्लबने त्याला जाऊ दिले ही त्यांची चूक होती का. आणि मधल्या फळीत खेळणाऱ्या, पण ‘वेग कमी पडतो, आडवे पास फार देतो’ असा शेरा मिळालेल्या आपल्या चौदा वर्षांच्या मुलाने क्रूसच्या खेळात नेमके काय पाहावे. मी बरीच वर्षे कुमार गटातल्या संघांना शिकवतो आहे आणि मधल्या फळीतल्या मुलांवर माझे लक्ष जरा जास्तच असते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. क्रूसचा खेळ माद्रिदला जाऊन बदलला असे मला वाटत नाही. त्याला तिथे मैदानावरची त्याची जागा मिळाली, आणि त्या जागेवरून खेळायचे तर आजूबाजूला ज्या प्रकारचे खेळाडू लागतात तेही मिळाले. जर्मनीत त्याच्याकडून जे मागितले जात होते ते तो देऊ शकत होता, पण त्याचे खरे बळ दुसरीकडे होते.

क्रूसचा जन्म ४ जानेवारी १९९० रोजी बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यालगतच्या ग्राइफ्सवाल्ड या गावी झाला. बर्लिनची भिंत पडून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते आणि दोन्ही जर्मनी एक व्हायला ऑक्टोबर उजाडायचा होता, म्हणजे कागदोपत्री तो पूर्व जर्मनीत जन्मला. २०१४ च्या विश्वविजेत्या जर्मन संघात असा तो एकटाच होता. आई बॅडमिंटनपटू, वडील रोलांड फुटबॉल प्रशिक्षक आणि धाकटा भाऊ फेलिक्स हाही पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाला, त्यामुळे घरात खेळाचे वातावरण होतेच. ग्राइफ्सवाल्डमधून तो २००२ मध्ये हान्सा रोस्टॉकच्या कुमार संघात गेला. पूर्व जर्मनीच्या अव्वल लीगचे शेवटचे विजेतेपद ज्यांच्या नावावर आहे तोच हा क्लब. तिथून २००६ मध्ये, सोळाव्या वर्षी, बायर्नने त्याला म्युनिकला नेले.

पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. जर्मनी तिसरी आली आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान क्रूसला मिळाला. २६ सप्टेंबर २००७ रोजी प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी त्याला एनर्गी कॉटबुसविरुद्ध बदली खेळाडू म्हणून प्रथमच बायर्नच्या मुख्य संघातून उतरवले. शेवटच्या अवघ्या अठरा मिनिटांत त्याने मिरोस्लाव्ह क्लोजेला दोन गोल करून दिले आणि बायर्न ५-० ने जिंकले. सतरा वर्षांच्या मुलाने अशी सुरुवात केली की वर्तमानपत्रे जे लिहितात तेच लिहिले गेले: जर्मनीला नवा दहा नंबर सापडला. माझ्या मते पुढच्या गैरसमजाचे मूळ इथे आहे. दहा नंबर म्हणजे आघाडीच्या मागे राहून निर्णायक पास देणारा, गोल करणारा, सामना एका फटक्यात फिरवणारा खेळाडू. क्रूसला फटका उत्तम मारता येत होता, दोन्ही पाय सारखे चालत होते, म्हणून सर्वांनी त्याला त्याच साच्यात पाहिले.

बायर्नमध्ये सुरुवातीला त्याला पुरेसा खेळ मिळाला नाही. जानेवारी २००९ मध्ये तो दीड वर्षासाठी बायर लेव्हरकुसेन या क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, गेला, आणि हा निर्णय सर्वांच्याच पथ्यावर पडला. २००९-१० च्या मोसमात युप हाइन्केस यांच्या हाताखाली त्याने बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, ९ गोल केले. त्या मोसमात लेव्हरकुसेन पहिल्या चोवीस सामन्यांत अपराजित राहिले होते. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा मधल्या क्लबमध्ये दर शनिवारी खेळणे वीस वर्षांच्या मुलासाठी केव्हाही चांगले, हे मी पालकांना नेहमी सांगतो. अर्थात ते सहसा पटत नाही, कारण मोठ्या क्लबच्या जर्सीचे आकर्षण मुलांपेक्षा पालकांनाच अधिक असते. मार्च २०१० मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध म्युनिकमध्ये तो राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळला आणि त्या उन्हाळ्यात विश्वचषकालाही गेला.

बायर्नमध्ये परतल्यावर त्याची जागा सतत बदलत राहिली. कधी आघाडीच्या मागे, कधी डावीकडे, कधी श्वाइनश्टायगरच्या शेजारी. २०१२-१३ मध्ये बायर्नने लीग, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली, तेव्हा श्वाइनश्टायगर आणि हावी मार्टिनेझ मागे आणि क्रूस त्यांच्या पुढे अशी रचना होती. युव्हेंटसविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तो जखमी झाला आणि मोसमाला मुकला. मग म्युलर त्याच्या जागी मध्ये आला, उजवीकडे रॉबेनला जागा मिळाली आणि त्याच रॉबेनने वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्यात विजयी गोल केला. क्रूसच्या नावापुढे युरोपचे विजेतेपद लागले, पण त्याच्याविना संघ अडला नाही ही गोष्टही म्युनिकमध्ये लोकांच्या लक्षात राहिली.

२०१३ मध्ये प्रशिक्षक म्हणून पेप गार्डिओला आले आणि त्यांनी त्याला मागे, मैदानाच्या मध्याजवळ खेळवायला सुरुवात केली. दिशा योग्य होती. पण त्याचा करार २०१५ ला संपत होता आणि पगाराच्या वाटाघाटी फिसकटत चालल्या होत्या. गार्डिओलांना तो हवा होता, व्यवस्थापनाला मात्र तो मागत असलेल्या पगाराच्या योग्यतेचा वाटत नव्हता, असे तेव्हाच्या बातम्यांचे सार होते. त्यातच २०१४ चा विश्वचषक आला. ८ जुलैला बेलो होरिझोंतेमध्ये जर्मनीने ब्राझीलला ७-१ ने हरवले, त्यात क्रूसचे दोन गोल ६९ सेकंदांच्या अंतराने झाले. दुसरा गोल पुन्हा पाहा. ब्राझीलने नुकताच डाव सुरू केला आहे, फर्नांडिन्होच्या पायातून क्रूस चेंडू काढून घेतो, खेदिराला देतो, परत घेतो आणि गोल करतो. १३ जुलैच्या अंतिम सामन्यात मात्र त्याने डोक्याने मागे ढकललेला चेंडू थेट अर्जेंटिनाच्या हिग्वाइनच्या पायात गेला होता. हिग्वाइनने तो बाहेर मारला म्हणून निभावले. विजेतेपदानंतर चारच दिवसांनी रेयाल माद्रिदने क्रूसशी सहा वर्षांचा करार जाहीर केला. हस्तांतराची रक्कम अडीच कोटी युरोंच्या आसपास असल्याचे छापून आले. विश्वविजेत्या संघातल्या चोवीस वर्षांच्या खेळाडूसाठी त्या काळातही हा भाव स्वस्तच होता.

आणि मग बायर्नने काय केले? त्याच ऑगस्टमध्ये रेयालकडून बत्तीस वर्षांच्या शाबी अलोन्सोला आणले. क्रूस माद्रिदमध्ये ज्याची जागा घ्यायला गेला होता, तो माणूस त्याची जागा भरायला म्युनिकला आला. त्यामुळे ‘बायर्नची चूक होती का’ या प्रश्नाला माझे उत्तर दुपदरी आहे. कराराचे एकच वर्ष उरलेले, हाताशी थियागो, लाम, मार्टिनेझ, श्वाइनश्टायगर एवढी मधली फळी. अशा वेळी विकणे हा हिशेबाला धरून घेतलेला निर्णय होता आणि पुढेही अनेक वर्षे जर्मनीतील लीग बायर्ननेच जिंकली, तेव्हा त्यांचे फार बिघडले असे कोणी म्हणणार नाही. चूक झाली ती खेळाडू पारखण्यात. ज्या कामासाठी बत्तिशीतला माणूस बाहेरून आणावा लागतो, ते काम करणारा तरुण आपल्याच घरात आहे हे त्यांना दिसले नाही. २०१७, २०१८ आणि २०२४ अशा तीन वेळा रेयालने चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नला बाहेर काढले आणि तिन्ही वेळा समोर क्रूस होता.

माद्रिदमधले पहिले वर्ष सोपे गेले नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी यांनी त्याला सर्वांत मागचा मध्यरक्षक केले. त्याच्या पुढे आक्रमणाकडे झुकलेले खेळाडू फार होते, मधल्या फळीतला साथीदार मॉड्रिच बराच काळ जखमी होता आणि चेंडू गेल्यावर मोकळे मैदान राखण्याचे काम एकट्या क्रूसवर पडत होते. तो दमलेला दिसू लागला आणि त्या मोसमात लीगही नाही, चॅम्पियन्स लीगही नाही अशी गत झाली. जानेवारी २०१६ मध्ये प्रशिक्षक म्हणून झिनेदिन झिदान आले आणि त्यांनी बचावात्मक मध्यरक्षक कॅसेमिरोला मध्ये आणून बसवले. चेंडू हिसकावण्याचे, धावून जागा बुजवण्याचे काम कॅसेमिरोकडे गेले, उजवीकडे मॉड्रिच आला आणि क्रूस डावीकडे सरकला. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग रेयालने जिंकली ती या त्रिकुटाच्या आधाराने.

आता त्या डावीकडच्या जागेबद्दल थोडे सविस्तर, कारण सगळी गोम तिथे आहे. रेयालचा डाव मागून सुरू झाला की क्रूस मध्य सोडून खाली, डाव्या बाजूच्या मध्य बचावपटूच्याही बाहेर यायचा, म्हणजे जिथे एरवी डावा बचावपटू उभा असतो तिथे. क्रूस तिथे आला की डावा बचावपटू मार्सेलो मोकळेपणाने पुढे जाई आणि रोनाल्डो कडेवरून आत सरके. प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या बाजूच्या खेळाडूपुढे पेच उभा राही: क्रूसवर जावे तर पाठीमागे मार्सेलो मोकळा, आणि मार्सेलोबरोबर राहावे तर क्रूसला मान वर करून सगळे मैदान पाहायला वेळ मिळणार. बहुतेक संघ दुसरा पर्याय घेत आणि मग क्रूस साठ-साठ मिनिटे तिथूनच सामना चालवी. तो उजव्या पायाचा असल्याने डावीकडून त्याचे अंग आपोआप मैदानाच्या आत वळलेले राही. जवळचा पास, उजव्या कडेपर्यंतचा लांब पास आणि बचावफळीमागे टाकलेला चेंडू हे तिन्ही त्याला एकाच पवित्र्यातून देता येत, त्यामुळे यातले काय येणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नसे. या जागेवरून गोल होत नाहीत, गोलचा शेवटचा पासही क्वचितच जातो. रेयालसाठी ४६५ सामन्यांत त्याचे गोल २८. दहा नंबरच्या फूटपट्टीने मोजले तर हा आकडा केविलवाणा आहे.

एक पास मात्र त्या फूटपट्टीनेही मोजता येतो. ३० एप्रिल २०२४, म्युनिक, चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना, २४ वे मिनिट. क्रूसकडे चेंडू आहे आणि त्याच्यावर कोणी धावून येत नाही. रेयालचा आघाडीपटू व्हिनिसियस चेंडू मागायला खाली येतो आणि बायर्नचा किम मिन-जे त्याच्या पाठोपाठ आपली जागा सोडतो. क्रूस हाताने रिकाम्या झालेल्या जागेकडे बोट दाखवतो. सर्वांच्या देखत, लपवाछपवी न करता. व्हिनिसियस उलटा फिरून पळतो आणि चेंडू दोन बचावपटूंच्या मधून त्याच्या पुढ्यात, त्याची धाव जराही न मोडता, येऊन पडतो. गोल. पासमध्ये जोर नाही, कलाकुसर नाही. फक्त वेळ आणि वजन अचूक आहे. याच मैदानावर २९ एप्रिल २०१४ रोजी बायर्नकडून खेळताना क्रूसने रेयालकडून ०-४ असा मार खाल्ला होता.

जर्मनीत या खेळाला नाव पडले होते ‘क्वेअरपास टोनी’, म्हणजे आडवे पास देणारा टोनी. आपल्या मुलाला मिळालेला शेरा तिकडे विश्वविजेत्यालाही मिळत होता. जर्मन प्रेक्षकाला पळणारा, झुंजणारा, चेंडू मिळताच पुढे झेपावणारा खेळाडू भावतो, आणि राष्ट्रीय संघ हरला की शांत चेहऱ्याने खेळणारा माणूस आधी नजरेत येतो. २०१८ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध सोचीमध्ये त्याच्याच चुकलेल्या पासवरून जर्मनीने पहिला गोल खाल्ला. रॉइसने बरोबरी साधली, पुढे बोआटेंगला लाल कार्ड मिळून दहा खेळाडू उरले, आणि भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला डावीकडे फ्री किक मिळाली. क्रूसने चेंडू रॉइसकडे हलकेच सरकवला, त्याने तो थांबवला आणि क्रूसने वळवून लांबच्या कोपऱ्यात घातला. सामन्यानंतर तो म्हणाला त्याचा आशय असा, की आपण आजच बाहेर पडलो असतो तर जर्मनीत अनेकांना आनंद झाला असता. पुढच्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून हरून जर्मनी बाहेर पडलीच.

२०२१ मध्ये युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत, इंग्लंडकडून हरल्यावर त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. बायर्नचे माजी अध्यक्ष उली होएनेस यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले की आडव्या पासांचा हा खेळ आता कालबाह्य झाला आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, पॅरिसला लिव्हरपूलला हरवून त्याने पुन्हा चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या रात्री जर्मन दूरचित्रवाणीच्या वार्ताहराने, रेयाल एवढे दबावाखाली का आले, असे विचारताच तो चिडून मुलाखत सोडून निघून गेला. जाताना, आधी नकारात्मकच विचारता यावरून तुम्ही जर्मनीचे आहात हे लगेच कळते, असे सुनावायला तो विसरला नाही. त्याचे वागणे शिष्टाचाराला धरून होते असे मी म्हणणार नाही, पण पंधरा वर्षांचा साठलेला राग त्यात होता हे समजते.

गंमत अशी की अखेरीस मायदेशालाच त्याची गरज पडली. २०२४ ची युरो स्पर्धा जर्मनीत होती, राष्ट्रीय संघ सलग दोन विश्वचषकांत गटातच गारद झालेला, आणि प्रशिक्षक ज्युलियन नागल्समन यांनी चौतीस वर्षांच्या क्रूसला परत बोलावले. २३ मार्च २०२४ ला लियाँमध्ये फ्रान्सविरुद्ध डाव सुरू होताच त्याने दिलेल्या पहिल्याच पासवर विर्ट्झने आठ सेकंदांच्या आत गोल केला. १४ जूनला म्युनिकमध्ये स्कॉटलंडविरुद्ध त्याने १०२ पैकी १०१ पास अचूक दिले आणि जर्मनी ५-१ ने जिंकली. नागल्समन यांनी त्याला खेळवले ते डावीकडे, खाली, मध्य बचावपटूंच्या ओळीत. माद्रिदमध्ये सापडलेली तीच जागा. दरम्यान मे महिन्यात त्याने जाहीर केले होते की ही स्पर्धा झाली की आपण खेळणेच थांबवणार. १ जूनला वेम्ब्लीवर डॉर्टमुंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात ७४ व्या मिनिटाला त्याच्या कॉर्नरवर कार्व्हाहालने डोक्याने गोल केला, रेयाल २-० ने जिंकले आणि क्रूसचे ते सहावे युरोपीय विजेतेपद ठरले, एक बायर्नचे आणि पाच रेयालचे.

त्याच्या मर्यादा झाकायचे कारण नाही. चेंडू गमावल्यावर मागे पळताना तो कमी पडे, आणि कॅसेमिरो किंवा नंतर व्हाल्व्हेर्देसारखा धावणारा साथीदार नसला की संघाला त्याची किंमत मोजावी लागे. कारकिर्दीतला शेवटचा सामना, ५ जुलै २०२४ ला श्टुटगार्टमध्ये स्पेनविरुद्ध, त्याने पेद्रीला सुरुवातीलाच धडक देऊन सुरू केला. पेद्री आठव्या मिनिटाला बाहेर गेला आणि त्या धडकेबद्दल क्रूसला कार्डही दाखवले गेले नाही. नंतर त्याने माफी मागितली, पण वेगवान मधल्या फळीसमोर त्याला पाय आणि अंग घालावे लागत होते हे त्या सामन्यात दिसले. ११९ व्या मिनिटाला मेरिनोच्या गोलने जर्मनी हरली.

माद्रिदला जाणारा तो पहिला जर्मन अर्थातच नव्हता. सत्तरच्या दशकात नेट्झर, ब्राइट्नर, पुढे आठ वर्षे राहिलेला उली श्टिलिके, मग शुस्टर, आणि २०१० मध्ये ओझील व खेदिरा अशी रांग आहे. पण दहा वर्षे एकाच क्लबमध्ये, जवळजवळ एकाच जागी खेळून श्टिलिकेलाही सामन्यांच्या संख्येत मागे टाकणारा क्रूसच. सवयींचा तो एवढा पक्का होता की आदिदासचे पांढऱ्या रंगाचे एक जुने मॉडेल बाजारातून गेल्यावरही तो तेच बूट घालून खेळत राहिला.

आता आपल्या मुलाविषयी. आडवा पास हा दोष आहे की गुण, हे त्या पासनंतर समोरचा संघ हलला की नाही यावर ठरते. मुलाने तीन आडवे पास दिले आणि प्रतिस्पर्धी जिथल्या तिथे उभे राहिले, तर त्याच्या प्रशिक्षकांचा शेरा बरोबर आहे. त्याला स्कॉटलंडविरुद्धचा सामना दाखवा, पण चेंडूच्या मागे न जाता फक्त क्रूसवर नजर ठेवायला सांगा. चेंडू येण्याआधी तो किती वेळा मान फिरवून मागे पाहतो, चेंडू घेताना अंग कोणत्या बाजूला उघडे ठेवतो, पास साथीदाराच्या कोणत्या पायावर जातो आणि पास दिल्यावर तो जागीच थांबतो की दोन पावले सरकून पुन्हा मोकळा होतो, एवढे त्याने कागदावर टिपून काढावे. वेगाची काळजी सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत पुढे ढकलता येते, कारण मुलांची अंगे वेगवेगळ्या वेळी भरतात. मान फिरवण्याची सवय मात्र आत्ताच लागली पाहिजे, आणि ती लावण्यासाठी सरावात त्याच्या पाठीमागे उभे राहून, चेंडू त्याच्याकडे निघाला की एक ते पाच यांपैकी बोटे वर करा आणि चेंडू पायाशी येण्याआधी किती बोटे होती ते त्याला ओरडून सांगायला लावा. पहिले काही दिवस त्याचा चेंडू पायाखालून निसटेल; तेव्हा सराव बदलू नका.